रक्ताची सासू

पळसखडीच्या सरकारी दवाखान्यात गेल्या संक्रांतीला बायकांची एक नवी तपासणी आली. आईबापाच्या रक्तातून लेकीत उतरणारा छातीचा कॅन्सर कुणाच्या वाट्याला येऊ शकतो, ते आधीच हुडकून ठेवायचं. म्हणजे रोग व्हायच्या आधीच माणूस गाठायचं. आमच्याकडं मेंढरू चोरीला गेल्यावरसुद्धा चोर सापडत नाही, आरोग्य खात्याची हिंमत बघा.

काम तसं सोपं होतं. संयोगिता सिस्टरनं बाईला समोर बसवायचं आणि विचारायचं, तुमच्या घरात कुणाला छातीचा कॅन्सर झाला होता का. बाई सांगेल ते हातातल्या टॅबवर टाकायचं. घराण्यात दोघीतिघी निघाल्या की टॅब त्या बाईच्या नावापुढं लाल खूण करणार. लाल खूण म्हणजे चिठ्ठी, आणि चिठ्ठी म्हणजे मिरजेला रक्ताची, छातीची सगळी तपासणी फुकट.

नुसतं बोलावून बायका येत नाहीत म्हणून दवाखान्यातच हळदीकुंकू ठेवलं. तिळगूळ, वाण म्हणून प्लास्टिकचा डबा आणि जाताजाता कॅन्सर. गर्दी लोटली.

आता आमच्याकडं लग्न झालेल्या बाईला "तुमच्या घरात" असं विचारलं की ती सासर धरते. अंगावर अक्षता पडल्यापासून तिला तेच शिकवलेलं असतं, की हे तुझं घर आणि ते परकं. त्यात सासरच्या माणसांचे रोग सरकारदरबारी लावायला मिळतायत, ही संधी जन्मात एकदा येते. बायकांनी मन मोकळं केलं.

"सासूला झाला, थोरल्या जावंला झाला," रंगूबाईनं सांगितलं, "आन् नणंदंच्या जिभेला तर हायच."

"जिभेचं न्हाई विचारलं, मावशी."

"र्‍हाऊ द्या लिवून. पुढं लागंल."

दोन दिवसांत अर्धं गाव लाल झालं.

दवाखान्याचे डॉक्टर साईराज शिरवळचे. पोरगा नवा, शर्टाची घडीसुद्धा मोडलेली नसायची. जिल्ह्याच्या ऑनलाइन बैठकीत टॅबवर पळसखडीचा नकाशा लागला तेव्हा मोठे साहेब म्हणाले, "डॉक्टर, गावात अणुभट्टी आहे का तुमच्या?" बाकीचे सगळे डॉक्टर आपापल्या चौकटीत हसले. साईराजांना रात्री जेवण गेलं नाही. सकाळी त्यांनी चार बायकांना परत बोलावून विचारलं तेव्हा उलगडा झाला, आणि दुपारी भिंतीवर कागद लागला: सासरचं माणूस धरायचं नाही. फक्त रक्ताचं.

ते बरोबरच होतं. सासूचा रोग सुनेत कसा उतरणार? उतरला असता तर आमच्याकडं एकही सून वाचली नसती.

मग दुसरी फेरी झाली. आता विचारायचं माहेरचं. आणि इथं पळसखडीच्या बायकांनी तोंडाला कुलूप घातलं. माहेरात असला रोग आहे असं एकदा बाहेर पडलं की धाकट्या बहिणीला स्थळ येत नाही, भावाच्या पोरीचं ठरलेलं मोडतं. सासरच्या नावानं बोंब मारणारी बाई माहेराच्या नावाला डाग लागू देत नाही.

"आमच्या म्हायेरी पडसंबी न्हाई कुणाला," हे उत्तर सिस्टरनं इतक्या वेळा ऐकलं की पुढं पुढं ती बाई बसायच्या आधीच "निरंक" दाबायला लागली.

रंगूबाईची आई कशानं गेली ते सगळ्या गावाला माहीत होतं. रंगूबाई म्हणाली, "म्हातारपणानं गेली."

"वय काय होतं?"

"असंल की चाळीस." मग ती म्हणाली, "म्हायेरनं म्हस दिल्याली, तिच्या कासंत मातूर गाठी झाल्या व्हत्या. ती धरताय का?"

म्हैस धरली नाही. तीसुद्धा खरं म्हणजे सासरी आलेलीच होती.

तर अशा रीतीनं लाल झालेलं गाव आठवड्यात हिरवं झालं. जिल्ह्यानं साईराजांची पाठ थोपटली. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अपेक्षा दारात उभी राहिली.

अपेक्षा ही बिरदेवची बायको. बिरदेव महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो, पावसाळ्यात तिथलं सगळं बंद पडलं की घरी येतो. घरी अपेक्षा, तिची शाळेत जाणारी पोरगी प्रांजल, सासू हरणाबाई आणि थोडी मेंढरं. अपेक्षाची आजी दगडाबाई ऐन वयात छातीच्या गाठीनं गेली. घरचे त्याला गळू म्हणायचे, हळद बांधायचे. मग दगडाबाईची लेक हरणाबाई, तिची डावी बाजू मिरजेला काढली, ती वाचली. आजीला झालं, आजीच्या लेकीला झालं, म्हणून अपेक्षाच्या जिवाला घोर. तिशी आली होती. तिला चिठ्ठी पाहिजे होती, आणि पहिल्या फेरीत तिच्या नावापुढं लाल खूण झालीसुद्धा होती.

"तुमची खूण हिरवी झालीय आता," डॉक्टर म्हणाले. "आनंदाची गोष्ट आहे."

"हिरवी कशानं झाली?"

सिस्टरनं टॅब बघितला. "तू हरणाबाईचं सांगितल्यालंस. त्या सासू न्हवं का? सासू धरत न्हाईत."

"त्या माझ्या आत्ती हायत," अपेक्षा म्हणाली.

"सासू म्हणून नाव आहे इथं," डॉक्टर म्हणाले.

"सासू हायतच. आदी आत्ती, मग सासू."

मागं भिंतीला टेकून हरणाबाई उभी होती. ती पुढं आली. "आवं डाक्टर, ही माझ्या सख्ख्या भावाची लेक. माझ्या बिरदेवाला म्या भावाची पोरगी केली. आमच्यात भावाची पोरगी असताना भाईरची आणत न्हाईत, भाऊ बोलायचा बंद हुतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे नवरा आणि ही..."

"आत्तेभाऊ-मामेभईन. तुमच्या शिरवळला न्हाईत व्हय?"

शिरवळला होते. डॉक्टरांच्या सख्ख्या चुलत्याच्या घरात होते. पण ते तिथं कुणी टॅबवर टाकलेलं नव्हतं.

"सिस्टर, आत्या म्हणून घाला यांना," ते म्हणाले.

सिस्टरनं आत्या या रकान्यात हरणाबाईचं नाव घातलं. टॅब म्हणाला, ही व्यक्ती सासू म्हणून आधीच नोंदलेली आहे. एका माणसाची दोन नाती त्याला पटेनात.

"मग सासू काढा."

सासू काढली. टॅब म्हणाला, नवऱ्याची आई लिहिल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. हयात नसल्यास तसं नमूद करा.

"मयत घालू का, सर?" सिस्टरनं विचारलं.

"म्या हितं हुबी हाय की गं," हरणाबाई म्हणाली.

"तात्पुरतं, मावशी. नंतर जिती करते."

डॉक्टर नको म्हणाले. मयत दाखवली तर तिची म्हातारपणाची पेन्शन बंद होईल, आणि एकदा मेलेलं माणूस सरकारात परत जिवंत करायला स्वतः देव आला तरी त्याला आधार कार्ड मागतील. म्हणून दगडाबाईला आजी म्हणून घालून बघितलं. टॅबनं घेतली, आणि क्षणात परत फेकली. नवऱ्याच्या आईची आई. सासरचं माणूस.

साईराज वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर दगडाबाई, तिच्याखाली हरणाबाई आणि तिचा भाऊ, भावाखाली अपेक्षा, अशा रेघा ओढल्या आणि त्या बघत बसले. रक्त कुठून कुठं आलंय ते त्यांना लख्ख दिसत होतं. पण आदल्याच दिवशी गावात एकही जोखमीची बाई नाही असं त्यांनी वर कळवलं होतं. आता एक लाल खूण गेली की सगळ्या गावाची फेरतपासणी लागणार, परत ती बैठक, परत ती अणुभट्टी.

"तुम्हाला आत्ता काही त्रास नाही ना?" त्यांनी विचारलं. "गाठ वगैरे?"

"न्हाई."

"मग झालं तर."

"गाठ आल्यावर देणार काय चिठ्ठी?"

"गाठ आल्यावर ही योजना लागू होत नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याला वेगळी आहे."

घरी येताना हरणाबाई ओढ्यापाशी थांबली. मग म्हणाली, "माझंच चुकलं. तुला सून करून घ्याय नगं हुती. नुसती आत्ती र्‍हायले असते तर तुला चिठ्ठी मिळाली असती."

"आता काय मोडती का लगीन?" अपेक्षा म्हणाली. लोकांत ती हरणाबाईला तुमी म्हणायची, वाटेवर दोघीच असल्या की लहानपणीचं तू.

"मोडायचं न्हाई. पर तू म्हायेरी जा. तितल्या दवाखान्यात. तितं तू लेक, आन् म्या नुसती आत्ती."

ही युक्ती अपेक्षाला पटली. तिचं माहेर दोन डोंगर पलीकडं. ती सकाळच्या एसटीनं गेली. भाऊ सिद्धू मेंढरं सोडायच्या तयारीत होता. बहीण सणवार नसताना, पिशवी न घेता आलेली बघून तो दचकला, कारण गावोगाव या तपासणीचं नाव "वारसा मोहीम" असं रंगवलेलं होतं.

"वारसा लावाय आलीस व्हय?" त्यानं काठी खाली न ठेवताच विचारलं.

"व्हय."

"हक्कसोडीवर सही केलीया तू. तलाठ्यासमोर."

"जमिनीचा न्हाई रं. आजीच्या रोगाचा."

सिद्धूचा जीव भांड्यात पडला. "मग लाव की. त्यो सगळा तुलाच घे," तो मोठ्या मनानं म्हणाला, आणि गाडीवर बसवून तिला दवाखान्यापर्यंत सोडूनसुद्धा आला.

तिथल्या सिस्टरनं तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं बघितलं. "लगीन झालंय ना? मग सासरच्या दवाखान्यात."

"सासरी म्हंत्यात म्हायेरचं रक्त पायजे."

"रक्त इकडचं, पण बाई तिकडची. रेशनकार्ड कुठलं?"

"पळसखडी."

"मग इथं तुमी न्हाईच."

अपेक्षा बाकावरून उठली आणि दुपारच्या एसटीनं परत आली. हरणाबाईनं दारातूनच विचारलं, काय झालं. अपेक्षानं पायावर पाणी घेतलं. "म्या तितं न्हाई, आन् तू हितं न्हाई," ती म्हणाली. "भाकरी हाय का?"

त्यानंतरही ती सोडायला तयार नव्हती. दर सोमवारी दवाखान्यात जायची, बाकावर बसायची. डॉक्टर तिला बघून मागच्या दारानं लसीच्या फ्रीजजवळ जायचे आणि बराच वेळ लसी मोजायचे. टॅबवर मात्र प्रत्येक वेळी तिची भेट आपोआप लागत होती. त्याचं फळ उन्हाळ्यात मिळालं.

पळसखडी जोखीममुक्त गाव जाहीर झालं. दवाखान्यापुढं मांडव पडला. सरपंच भाऊसोंनी स्वतःच्या फोटोसकट फ्लेक्स लावला. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते आणि त्यांच्या हस्ते सर्वांत जागरूक महिलेचा सत्कार होता. ती कोण हे टॅबनं काढलं: दवाखान्यात सगळ्यांत जास्त वेळा आलेली बाई. अपेक्षा.

त्याच सकाळी आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली. डाव्या बाजूला, हरणाबाईची होती तिथंच. पावट्याएवढी. तिनं पाणी घालायचं थांबवलं, परत चाचपलं, मग अंगावर लुगडं गुंडाळून दवाखान्यात आली. डॉक्टर नव्या शर्टात मांडवाचा खांब सरळ करून घेत होते.

"सायेब, गाठ हाय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी आधी आजूबाजूला बघितलं. "कधीपासून?"

"आज लागली हाताला."

"आज नको," ते हळू म्हणाले. "साहेब रस्त्यात आहेत. परवा या, मी स्वतः बघतो. पाळीच्या आधी असतात अशा गाठी."

तेवढ्यात गाडी आली. सिस्टरनं अपेक्षाला हाताला धरून वर नेलं. साहेबांनी साडी दिली, नारळ दिला. फोटोसाठी हरणाबाईलाही बोलावून शेजारी उभं केलं. भाऊसोंनी माईकवर सांगितलं, "सासू कॅन्सरमधनं वाचली, सून जोखमीतनं वाचली, असं घर आख्ख्या तालुक्यात न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंगूबाईनं सगळ्यात जास्त वाजवल्या, कारण तिचं माहेर अजून स्वच्छ होतं.

परवा अपेक्षा गेली तेव्हा डॉक्टरांची खुर्ची मोकळी होती. जोखीममुक्त गाव करून दाखवल्याबद्दल त्यांना साताऱ्याला वरच्या जागेवर घेतलं होतं. आता ते बाकीच्या डॉक्टरांना शिकवणार होते.

"नवीन सायेब येतील की," सिस्टर म्हणाली. "बघू." तिनं हात लावून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला, पण हिरवी खूण बदलायचा अधिकार फक्त डॉक्टरचा. "हिरव्या बाईला चिठ्ठी कशी देऊ गं म्या? वरनं विचारत्यात. तू तुझी जा मिरजंला."

तू तुझी जा, म्हणणं सोपं होतं. अपेक्षानं मनाला समजावलं, पाळीचं असेल. पाळी येऊन गेली, गाठ गेली नाही. मग तिनं समजावलं, उन्हाचं असेल. हरणाबाईला तिनं सांगितलं नाही. मागच्या वेळी हरणाबाईचं ऑपरेशन झालं तेव्हा उशाशी बसून तिचं सगळं अपेक्षानंच केलं होतं. आता उलट बाजूनं तेच सुरू करायचं तिच्या जिवावर आलं.

पहिल्या जोराच्या पावसात महाबळेश्वर बंद झालं आणि बिरदेव गाडी घेऊन घरी आला. त्याच संध्याकाळी हरणाबाईनं बघितलं, की सून वैरणीचा भारा उजव्या हातानंच ओढतीय. ती उठली, मेंढरांच्या आडोशाला अपेक्षाला नेलं आणि काही न विचारता चोळीवरून हात लावला. स्वतःच्या अंगावर जे ओळखीचं झालेलं असतं ते दुसऱ्याच्या अंगावर ओळखायला टॅब लागत नाही.

"कवापस्नं?" तिनं विचारलं.

"सत्काराच्या दिवशीपस्नं."

हरणाबाईनं तिची चोळी सारखी केली. मग बिरदेवला हाक मारली. "गाडीत पेट्रोल हाय का रं? सकाळी मिरजंला जायाचं."

सकाळी गाव सोडताना स्टँडवर सत्कारानंतर लावलेला फ्लेक्स लागला. पावसानं भाऊसोंचा फोटो सुटून लोंबत होता, पण दोघींचा तसाच होता, साडी-नारळासकट. बिरदेवनं गाडी हळू केली. "आये, लय झ्याक आलीयास की फोटूत."

"गाडी हाण," हरणाबाई म्हणाली.

मिरजेच्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या, वयानं पोक्त. त्यांनी गाठ बघितली, काखेत बोटं दाबून बघितली आणि तिथंच बोटं थांबली. सुई घालून पाणी काढलं, फोटो काढले, मग खुर्ची ओढून समोर बसल्या. काखेतसुद्धा आहे, म्हणाल्या. औषधं आधी, ऑपरेशन मग, सगळं लगेच सुरू करायचं. मग त्यांनी विचारलं, "घराण्यात कुणाला होतं?"

अपेक्षानं तोंड उघडायच्या आत हरणाबाई पुढं सरकली.

"हिच्या आजीला. बापाच्या आईला. आन् हिच्या आत्तीला. त्या आत्तीचं हितंच काढलंय, तुमच्याच दवाखान्यात."

"आणि तुम्ही कोण?"

"त्याच आत्ती."

"आत्या म्हणजे बापाची सख्खी बहीण?"

"सख्खी. आन् नुसती आत्तीच हाय म्या," हरणाबाई ठासून म्हणाली. "दुसरं कायबी नातं न्हाई आमचं."

अपेक्षानं मान वर केली. पण हरणाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. "एवढं घराण्यात असताना आधी का नाही आणलंत? वर्षापूर्वी आल्या असत्या तर बोटाएवढं काम होतं." त्यांनी चष्मा परत घातला. "नवरा कुठाय यांचा? सही लागेल."

"हाय की. खाली गाडीत बसवलाय."

"खाली कशाला? बोलवा वर."

हरणाबाईनं पदर सारखा केला. "आदी आत्ती लिवून घ्या तुमी. लिवलं का? त्यो वर आला की म्या सासू हुते, आन् मग परत न्हाई म्हनाल."

बाईंना काही कळलं नाही. तरी त्यांनी कागद पुढं ओढला आणि लिहिलं. हरणाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती अपेक्षाकडून खात्री करून घेण्यासाठी थांबली. अपेक्षानं कागदाकडं बघून मान हलवली. तिचे डोळे भरले होते पण ओठ हसत होते, का उलटं, ते सांगता येणार नाही.

मग हरणाबाई परत वाकली.

"बाई, हिला एक पोरगी हाय. प्रांजल. आता शाळंत जाती. तिची म्या बापाची आई, म्हंजी आजी. ती आजी तरी धरत्यात का?"

"धरतात की. रक्ताचीच आजी."

"मग तिचं नाव आत्ताच लिवा," हरणाबाई म्हणाली. "तिचं लगीन हुयाच्या आदी."